सिंकथिंग सोर्स कोडमधून बिल्ड करून दोन गावांतील संगणकांवर चालवताना

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. कुडाळच्या घरच्या संगणकावर दशावतारी प्रयोगांची अनेक वर्षांची ध्वनिचित्रमुद्रणे आहेत, देवगडला भावाकडे दुसरा संगणक आहे आणि कोणत्याही कंपनीच्या साठवणुकीवर न ठेवता हा संग्रह दोन्हीकडे सारखा राहावा, अशी आपली इच्छा आहे. त्यासाठी आपण सिंकथिंग हा वेगवेगळ्या संगणकांवरच्या फाइली परस्पर सारख्या ठेवणारा प्रोग्राम सोर्स कोडमधून बिल्ड करायला, म्हणजे मूळ लिखित कोडपासून चालवता येणारी फाइल बनवायला, घेतले. पहिल्या आज्ञेनंतर पडद्यावर काहीच न येता संगणक तासभर तसाच राहिला. पुढे बिल्ड झाले, परंतु देवगडचा संगणक काही दिसेना.

रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात मी अशी मांडणी अनेक ठिकाणी करून दिली आहे. त्या अनुभवावरून सांगतो, की यात दोन वेगळ्या अडचणी एकमेकींत मिसळल्या आहेत आणि त्या सोडवण्याचा क्रम चुकला, तर माणूस नेटवर्कचा दोष कोडमध्ये आणि कोडचा दोष नेटवर्कमध्ये शोधत बसतो. पीअर-टू-पीअर प्रोग्राम, म्हणजे संगणकांना थेट एकमेकांशी जोडणारा प्रोग्राम, बिल्ड झाला म्हणजे चालू झाला असे होत नाही. त्याच्या दोन प्रतींनी एकमेकींना ओळखले, म्हणजे तो चालू झाला. म्हणून आधी एकाच संगणकावर दोन प्रती, मग एका छताखाली दोन संगणक आणि शेवटी दोन गावे, असा क्रम मी कधीही मोडत नाही. खालील आज्ञा मी उच्चारानुसार देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या अर्थातच रोमन अक्षरांत द्यायच्या आहेत.

सिंकथिंग गो या भाषेत लिहिलेले आहे आणि त्याचा सोर्स कोड एमपीएल २.० परवान्याखाली खुला आहे. कोडचे भांडार गिट या साधनाने क्लोन करून, म्हणजे आपल्या संगणकावर नकलून घेऊन, त्या फोल्डरात ‘गो रन बिल्ड डॉट गो’ एवढी आज्ञा दिली, की तयार प्रोग्राम ‘बिन’ या फोल्डरात येतो. आज्ञा लहान असली, तरी तिच्या पोटात दोन मोठी डाउनलोड दडलेली असतात. भांडारातील ‘गो डॉट मॉड’ या फाइलीत गोची किमान आवृत्ती नोंदलेली असते. आपल्या लिनक्ससोबत आलेली गो त्याहून जुनी असेल, तर १.२१ आणि पुढील आवृत्त्या हवी ती नवी आवृत्ती इंटरनेटवरून आपोआप उतरवून घेतात. त्यानंतर प्रोग्राम ज्यांवर अवलंबून आहे ती सर्व मॉड्यूल, म्हणजे इतरांनी लिहिलेले कोडचे तयार भाग, येतात. या काळात पडद्यावर फारसे काही उमटत नाही आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, त्यातही पावसात, हे काम तास खाते. आपला संगणक अडकला नव्हता, तो वाट पाहत होता, असे मला जवळजवळ खात्रीने वाटते. ‘गो मॉड डाउनलोड’ ही आज्ञा ‘डॅश एक्स’ जोडून स्वतंत्रपणे दिली, की नेमके काय उतरते आहे ते ओळीओळीने दिसते. बिल्ड करण्यापूर्वी ही आज्ञा देण्याची सवय लावून घ्यावी.

घरी नेटवर्क फारच कमकुवत असेल, तर गोची योग्य आवृत्ती आणि मॉड्यूल तालुक्याच्या गावी चांगल्या जोडणीवर उतरवून पेन ड्राइव्हवर घरी आणता येतात. होम फोल्डरातील ‘गो’, त्यात ‘पीकेजी’, त्यात ‘मॉड’, त्यात ‘कॅश’ आणि त्यात ‘डाउनलोड’ हे फोल्डर उचलून आणावे आणि ‘गोप्रॉक्सी’ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये इंटरनेटच्या पत्त्याऐवजी त्या फोल्डरचा फाइल-पत्ता द्यावा. प्रत्येक मॉड्यूलचा हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेला ठसा, भांडारातील ‘गो डॉट सम’ मध्ये नोंदलेला असल्यामुळे वाटेत काही बिघडले किंवा बदलले असेल, तर बिल्ड तिथेच थांबते. पेन ड्राइव्ह कोणाकोणाच्या संगणकाला लागून आला याची धास्ती त्यामुळे मॉड्यूलांपुरती तरी बाळगावी लागत नाही. क्लोन करताना संपूर्ण इतिहास आणण्याचीही गरज नाही. डेप्थ १ ठेवून आणि ब्रँचच्या जागी प्रकाशित आवृत्तीच्या टॅगचे (त्या आवृत्तीवर लावलेल्या खुणेचे) नाव देऊन क्लोन केले, तर डाउनलोड बरेच लहान होते. टॅग मात्र द्यावाच, कारण प्रोग्रामला स्वतःचा आवृत्ती-क्रमांक गिटकडून कळतो. टॅगशिवाय उथळ क्लोन केले तर तो स्वतःला अज्ञात आवृत्ती म्हणवतो आणि पुढे दोन संगणकांवर नेमके काय चालू आहे हे सांगता येत नाही. शिवाय मुख्य शाखेवर रोजचे काम चालू असते. घरच्या मौल्यवान संग्रहासाठी तो कोड वापरू नये.

बिल्ड अडण्याची आणखी दोन कारणे मी आपल्याकडे वारंवार पाहिली आहेत. पहिले घड्याळाचे. बरेच दिवस वीज नसलेल्या जुन्या संगणकाची मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपलेली असते. मशीन सुरू होताच तारीख अनेक वर्षे मागे जाते आणि प्रत्येक डाउनलोड ‘प्रमाणपत्र अजून वैध नाही’ अशा अर्थाची एक्स ५०९ त्रुटी देऊन नाकारले जाते. एका आंबा-पॅकिंगच्या शेडमध्ये या त्रुटीपायी राउटर बदलण्यापर्यंत मजल गेली होती. बॅटरी बदलून तारीख दुरुस्त केली आणि पाच मिनिटांत काम पुढे सरकले. दुसरे कारण मेमरीचे. दोन जीबी रॅमच्या मशीनवर बिल्ड शेवटाकडे येऊन ‘सिग्नल किल्ड’ एवढेच म्हणून थांबते, याचा अर्थ कोड सदोष आहे असा नसून लिनक्सने मेमरी संपल्यामुळे कंपायलर बंद केला असा आहे. ‘गोफ्लॅग्ज’ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये ‘डॅश पी बरोबर १’ असे लिहिले, की एका वेळी एकच पॅकेज कंपाइल होते. वेळ वाढतो, पण काम पूर्ण होते.

२०२५ मध्ये आलेल्या २.० आवृत्तीपासून सिंकथिंगचा अंतर्गत डेटाबेस लेव्हलडीबीऐवजी एसक्यूलाइटवर आला आहे. एसक्यूलाइट मुळात सी भाषेत असल्यामुळे सी कंपायलर असणे आता सोयीचे ठरते; सीगो, म्हणजे गोच्या प्रोग्राममध्ये सी कोड वापरण्याची सोय, बंद ठेवले, तर शुद्ध गोमधील पर्यायी रूप वापरले जाते. यातून एक अडचण उद्भवते. कुडाळच्या नव्या लिनक्सवर सी कंपायलरसह बिल्ड केलेली फाइल देवगडच्या जुन्या लिनक्सवर नेली, तर ‘जीलिबसीची (लिनक्सच्या मूलभूत सी लायब्ररीची) अमुक आवृत्ती सापडली नाही’ असे म्हणून ती सुरूच होत नाही. अशा वेळी ‘सीगो एनेबल्ड’ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल शून्य करून पुन्हा बिल्ड करावे किंवा दोन्हींपैकी जुन्या मशीनवर बिल्ड करून तीच फाइल नव्यावर न्यावी. मी दुसरा मार्ग पसंत करतो. आणखी एक लक्षात ठेवावे: बिल्डच्या वेळी ‘नो-अपग्रेड’ हा पर्याय दिला नाही, तर प्रोग्राम पुढे स्वतःच अधिकृत तयार फाइल उतरवून आपण बिल्ड केलेल्या फाइलीची जागा घेऊ शकतो. सोर्समधून बिल्ड करण्यामागचा हेतूच मग उरत नाही.

आता चालवण्याकडे वळतो. सिंकथिंग पहिल्यांदा सुरू होताना ते एक खाजगी किल्ली आणि एक प्रमाणपत्र तयार करते. त्या प्रमाणपत्राचा एसएचए-२५६ हॅश म्हणजेच त्या संगणकाची ओळख. पडद्यावर ती सात-सात अक्षरांच्या आठ गटांत, एकूण ५६ अक्षरांत दिसते आणि टंकताना झालेली चूक पकडता यावी म्हणून तीत तपासणीची अक्षरेही असतात. येथे खातेही नाही आणि नावनोंदणीही नाही. या संगणकाला त्या संगणकाची ओळख माहीत असणे आणि त्या संगणकाला याची, एवढाच परस्पर करार आहे. प्रोग्राम कितीही वेळा नव्याने बिल्ड करा, ओळख बदलत नाही, कारण ती प्रोग्रामच्या फाइलीत नसून कॉन्फिगरेशनच्या फोल्डरात असते. लिनक्सवर हल्ली हे फोल्डर होममधील लपलेल्या ‘लोकल’ फोल्डरात, ‘स्टेट’ खाली असते. जुन्या मांडणीत ते ‘कॉन्फिग’ खाली सापडते.

हे मी विस्ताराने सांगतो, कारण ‘दुसरा संगणक दिसत नाही’ या तक्रारीमागे हीच गोष्ट निघालेली मी पाहिली आहे. एका ठिकाणी मांडणी करणाऱ्याने चांगल्या हेतूने, दुसऱ्यांदा सगळे भरावे लागू नये म्हणून, तयार प्रोग्रामसोबत कॉन्फिगरेशनचे संपूर्ण फोल्डरच दुसऱ्या संगणकावर नकलून ठेवले होते. दोन्ही संगणक एकच ओळख सांगत होते. लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या नोंदवहीत, ‘मी स्वतःशीच जोडला गेलो आहे, असे व्हायला नको’ अशा अर्थाची ओळ पुन्हा पुन्हा येत होती, पण लॉग कोणी उघडलेच नव्हते. आपणही देवगडला फोल्डर नकलून नेले असेल, तर तिथले कॉन्फिगरेशन बाजूला काढून प्रोग्राम पुन्हा सुरू करावा. नवी ओळख तयार होईल आणि ती कुडाळच्या संगणकावर नव्याने नोंदवावी लागेल.

पहिली कसोटी एकाच संगणकावर घ्यावी. प्रोग्राम एका टर्मिनलमध्ये ‘होम’ या पर्यायाला एक रिकामे फोल्डर देऊन सुरू करावा आणि दुसऱ्या टर्मिनलमध्ये दुसरे रिकामे फोल्डर देऊन. २.० पासून असे लांब पर्याय दोन डॅश देऊनच लिहावे लागतात. जुन्या लेखांतील एका डॅशची आज्ञा चालत नाही. पहिल्या प्रतीचे नियंत्रण-पान ब्राउझरमध्ये पोर्ट (संगणकावरील जोडणीच्या दाराचा क्रमांक) ८३८४ वर उघडते आणि ते केवळ त्याच संगणकापुरते असते. दुसरी प्रत पहिल्या सुरुवातीलाच मोकळे पोर्ट शोधून घेते आणि तो क्रमांक टर्मिनलवर दिसतो. दोघींची ओळख एकमेकींत नोंदवून चार-पाच फाइलींचे एक फोल्डर सामायिक करावे. मग एखादी मोठी फाइल जात असताना एक प्रत मध्येच बंद करून पुन्हा सुरू करावी. फाइली १२८ केआयबी ते १६ एमआयबी आकाराच्या ठोकळ्यांत जातात आणि आलेले ठोकळे तात्पुरत्या फाइलीत टिकून राहतात, त्यामुळे काम जिथे थांबले तिथूनच पुढे चालू झालेले आपल्याला डोळ्यांनी दिसेल. हे येथे जमले, तर आपले बिल्ड निर्दोष आहे आणि त्यानंतरची प्रत्येक अडचण नेटवर्कची किंवा डिस्कची आहे, हे निश्चित समजावे.

त्यानंतर भावाला देवगडचा संगणक एकदा कुडाळला घेऊन यायला सांगावे. कष्टाचे वाटले, तरी यात दोन कामे साधतात: ओळख पटवण्याची आणि पहिल्या मोठ्या भरण्याची. शेकडो जीबींचा संग्रह मोबाइल जोडणीवरून पहिल्यांदा पाठवणे व्यवहार्य नाही. बाह्य डिस्कवरून दोन्हीकडे तोच संग्रह ठेवून मग फोल्डर सामायिक केले, तर सिंकथिंग दोन्हीकडच्या फाइलींचे हॅश काढते आणि मजकूर एकच असल्याचे पाहून काहीही पाठवत नाही. डिस्क एफएटी ३२ पद्धतीची मात्र नसावी, कारण तिच्यावर चार जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही आणि रात्रभराच्या प्रयोगाचे मुद्रण सहज त्याहून मोठे असते.

एका घरात असूनही संगणक एकमेकांना दिसले नाहीत, तर तीन जागा तपासाव्यात. स्थानिक शोध यूडीपी पोर्ट २१०२७ वर चालतो आणि प्रत्यक्ष देवाणघेवाण पोर्ट २२००० वर, टीसीपी आणि यूडीपी या दोन्ही मार्गांनी. विंडोजचा फायरवॉल परवानगी देताना प्रोग्राम कोणत्या फोल्डरातून चालला हे लक्षात ठेवतो. त्यामुळे नवे बिल्ड दुसऱ्या फोल्डरातून चालवले, की परवानगी पुन्हा द्यावी लागते आणि ती विचारणारी चौकट अनेकदा मागच्या खिडकीआड राहून जाते. शेवटची जागा राउटरची. पाहुण्यांसाठीच्या वायफायवर, आणि काही राउटरांवर मुख्य वायफायवरही, उपकरणे एकमेकांपासून अलग ठेवण्याचा पर्याय चालू असतो. शंका असेल तर दोन्ही संगणक केबलने राउटरला जोडून पाहावे.

संगणक देवगडला परत गेल्यावर मार्ग बदलतो. मोबाइल सेवेत, आणि बऱ्याच फायबर सेवांतही, अनेक ग्राहक एकाच सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्याआड असतात. त्यामुळे राउटरवर पोर्ट उघडूनही बाहेरून येणारी जोडणी घरापर्यंत पोचत नाही. सिंकथिंग आधी शोध-सर्व्हरवरून समोरच्याचा पत्ता विचारते आणि मग थेट जोडणीचा प्रयत्न करते. दोन्ही टोकांना आयपीव्ही६ (प्रत्येक उपकरणाला स्वतंत्र पत्ता देऊ शकणारी नवी पद्धत) असेल, तर ती जुळण्याची शक्यता बरीच असते. काहीच जमले नाही, तर स्वयंसेवकांनी चालवलेल्या रिलेमार्गे, म्हणजे मधल्या सर्व्हरमार्गे, माहिती जाते. माहिती दोन संगणकांमध्येच एन्क्रिप्ट झालेली असल्याने रिलेला आतले काही वाचता येत नाही. नियंत्रण-पानावर उपकरणाच्या नावाखाली जोडणीचा प्रकार लिहिलेला असतो. तिथे रिले दिसले, म्हणजे जोडणी नीट आहे, फक्त वेग कमी असेल. जत्रांच्या मोसमात रोज नवी मुद्रणे येतील तेव्हा ती रात्रीत पोचली नाहीत, तर घाबरून मांडणी मोडू नये.

मराठीत फाइलींना नावे देणाऱ्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. ‘दुसऱ्या रात्रीचा प्रयोग’ या नावातील ऱ हे अक्षर युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिले जाते: एकच संकेत म्हणून, किंवा र आणि नुक्ता असे दोन संकेत मिळून. डोळ्यांना दोन्ही नावे तंतोतंत सारखी दिसतात, पण लिनक्सच्या दृष्टीने ती दोन वेगळ्या फाइलींची नावे असतात. जुन्या मॅकवर संपादन होऊन आलेल्या फाइलींत दुसरा प्रकार आढळतो. सिंकथिंगमध्ये नावे एकरूप करण्याचा पर्याय मुळातच चालू असतो. तो बंद करू नये. दुसरे म्हणजे लिनक्सच्या नेहमीच्या ईएक्सटी४ डिस्कवर नाव २५५ बाइटांपेक्षा लांब चालत नाही. देवनागरीचा प्रत्येक संकेत तीन बाइट घेतो, म्हणजे काना-मात्रा धरून ८५ संकेतांत नाव संपले पाहिजे. विंडोजवर हीच मर्यादा बाइटांत नसल्यामुळे मंडळ, आख्यान, गाव, तिथी आणि नटांची नावे असे सगळे एका नावात लिहिलेली फाइल तिथे सुखाने राहते आणि लिनक्सवर येताना अडते. तपशील वेगळ्या मजकूर-फाइलीत लिहावा आणि नाव आटोपशीर ठेवावे.

पावसाळ्याची तयारी मेमध्येच करावी. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगड पट्ट्यात वीज यायला अनेक दिवस लागले, हे आपल्याला आठवत असेल. अर्धवट आलेल्या फाइलींचे ठोकळे सिंकथिंग मुळात २४ तासच सांभाळते. प्रगत सेटिंग्जमध्ये तात्पुरत्या फाइली ठेवण्याचे तास वाढवून १६८ करावेत, म्हणजे आठवडाभराच्या खंडानंतरही अर्धे आलेले मुद्रण वाया जात नाही. संग्रह बाह्य डिस्कवर असेल, तर त्या फोल्डरात ‘एसटीफोल्डर’ नावाची लपलेली खूण असते. डिस्क निघाली, की ती खूण नाहीशी होते आणि सिंकथिंग ‘सगळ्या फाइली पुसल्या गेल्या’ असा अर्थ न काढता ते फोल्डर थांबवते. फोल्डर त्रुटी दाखवते आहे म्हणून ही खूण हाताने तयार करू नये. रिकाम्या फोल्डरात ती ठेवली, तर पुसले जाण्याची आज्ञा खरोखर देवगडपर्यंत पोचेल. कुडाळच्या घड्याळाची बॅटरीही तेव्हाच पाहून घ्यावी, कारण एकच फाइल दोन्हीकडे बदलली गेली, तर जिच्यावर जुनी वेळ आहे तिला संघर्षाची प्रत म्हणून बाजूला ठेवले जाते. मागे पडलेले घड्याळ आपलेच ताजे काम जुने ठरवते.

एकीकडे पुसलेली फाइल दुसरीकडेही पुसली जाते, हा या प्रोग्रामचा दोष नव्हे, ते त्याचे काम आहे. म्हणून दोन्हीकडे फाइलींच्या जुन्या आवृत्त्या ठेवण्याचा पर्याय चालू करावा आणि तिसरी प्रत, सिंकथिंगशी कोणताही संबंध नसलेली, कपाटात बंद डिस्कवर ठेवावी. दमट हवेत ती डिस्क वर्षातून दोनदा तरी जोडून चालवून पाहावी.

नवी आवृत्ती बिल्ड कराल तेव्हा जुनी तयार फाइल पुसू नका. प्रोग्राम बंद करून कॉन्फिगरेशनच्या फोल्डरची प्रत पेन ड्राइव्हवर घ्यावी, मगच नवी फाइल चालवावी. १.x वरून २.० वर जाताना डेटाबेसचे रूपांतर पहिल्याच सुरुवातीला होते, मोठ्या संग्रहाला त्यासाठी बराच वेळ लागतो आणि रूपांतरित डेटाबेस जुना प्रोग्राम वाचू शकत नाही. तेव्हा हे काम आधी देवगडला करावे, दोन-तीन दिवस मुद्रणे नीट येत-जात आहेत हे पाहावे आणि त्यानंतरच कुडाळच्या संगणकाला हात लावावा.